गाणं द्या, नाव मात्र राखा

हेडफोन कानात असतील तर एक काम करा. आत्ता जे गाणं वाजतंय त्याच्या शेजारचे तीन ठिपके दाबा आणि 'क्रेडिट्स' उघडा. गायकाचं नाव तुम्हाला माहीतच असेल. संगीतकाराचंही बहुतेक असेल. पण शब्द लिहिणाऱ्याचं? गाणं तोंडपाठ आहे, त्यातली एक ओळ गेल्या आठवड्यात स्टेटसला टाकली होती, मित्राच्या ब्रेकअपनंतर तीच ओळ त्याला पाठवली होती. आणि ती लिहिली कुणी, ते आज पहिल्यांदा बघतोय. काही गाण्यांच्या बाबतीत तर ते नाव तिथेही सापडणार नाही.

गंमत म्हणजे त्या रिकाम्या जागेवर जायची इच्छा असलेली मुलं-मुली प्रत्येक कॉलेजात आहेत. कुणाच्या वहीच्या मागच्या पानांवर मुखडे आहेत, कुणाच्या फोनमधल्या नोट्समध्ये अर्धे अंतरे पडून आहेत. यातल्या सगळ्यांना स्टेजवर जायचं नाहीये. काहींचा गळा नाही, काहींना कॅमेऱ्यासमोर उभं राहायची हौस नाही. त्यांना फक्त लिहायचंय, आणि ते दुसऱ्या कुणीतरी गायलेलं ऐकायचंय. यावर करिअर होतं का, असं त्यांनी कुणाला विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, 'कॉन्टॅक्ट्स लागतात रे.' दुसरं, 'टॅलेंट असेल तर आपोआप होतं.' पहिलं उत्तर घाबरवतं, दुसरं झोपवतं. दोन्हीतून काम मिळत नाही.

आमचं म्हणणं साधं आहे. दुसऱ्यासाठी गाणं लिहिणं ही शिकता येण्यासारखी कारागिरी आहे, तिचं दार तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळ आहे, आणि त्या दारातून आत जाताना सगळ्यात आधी हातातून सुटते ती गोष्ट म्हणजे तुमचं नाव. ते सुटू द्यायचं नाही. शब्द द्या, दहा वेळा बदलून द्या, पण नाव खाली ठेवून आत जाऊ नका.

कविता खिशात, गाणं गळ्यात

दुसऱ्यासाठी लिहिणं म्हणजे दुय्यम काम, असा एक समज आहे. 'स्वतःचं' लिहिणारा तो खरा कलाकार आणि मागणीनुसार लिहिणारा तो कामगार. मराठीत हा समज टिकायलाच नको होता. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' झालं, तेव्हा ग. दि. माडगूळकर दर आठवड्याला एक गाणं या हिशेबाने लिहीत होते आणि सुधीर फडके चाल बांधत होते. ५६ गाणी झाली. राम, सीता, कौसल्या अशी पात्रं वेगळी आणि गाणारे गळेही वेगळे. आज आपण ज्याला 'डेडलाइन' आणि 'ब्रीफ' म्हणतो, ते सगळं तिथे होतं. जगदीश खेबूडकर पेशाने शिक्षक होते आणि मराठी सिनेमासाठी लावणीपासून भक्तिगीतापर्यंत सगळं लिहीत होते. शांता शेळके कॉलेजात मराठी शिकवायच्या, कविता लिहायच्या आणि सिनेमासाठी गाणीही लिहायच्या. यातल्या कुणालाही आपण 'फक्त कामगार' म्हणणार नाही.

बाहेरही तेच. १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन या तरुण जोडप्याने 'विल यू लव्ह मी टुमारो' हे गाणं 'द शिरेल्स' या मुलींच्या ग्रुपसाठी बनवलं. चाल तिची, शब्द त्याचे. ती तेव्हा १८ वर्षांची होती आणि तो केमिस्टचा असिस्टंट म्हणून नोकरी करत होता. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते गाणं अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत पहिल्या नंबरवर गेलं. तिथे पोचलेला कृष्णवर्णीय मुलींचा तो पहिला ग्रुप. गाणं त्यांचं झालं, पण लेबलवर लिहिणाऱ्यांची नावं होती. पुढे किंग स्वतः गायिका म्हणून गाजली ती नंतर.

मग कविता लिहिता येणाऱ्याला गाणं लिहिता येईलच का? आपोआप नाही. कविता वाचणारा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो. गाणं पुढे निघून जातं. त्यामुळे काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, आणि त्या शिकायला कोर्सच्या फीची गरज नाही.

पहिली गोष्ट, चाल आधी. आपल्याकडे सिनेमात आणि पॉपमध्ये बहुतेक वेळा चाल आधी तयार होते आणि शब्द तिच्यावर बसवायचे असतात. संगीतकार 'ला ला ला' करून किंवा काहीतरी निरर्थक शब्द टाकून चाल गाऊन पाठवतो. त्या कच्च्या रेकॉर्डिंगला 'स्क्रॅच' म्हणतात आणि त्यातल्या शब्दांना 'डमी'. तुमचं काम त्या डमीच्या जागी खरे शब्द आणणं. इथे मराठीचा एक खास सापळा आहे. 'मन' हा शब्द बोलताना आपण एका झटक्यात 'मन्' म्हणतो. गाताना तो बहुतेक वेळा 'म-न' असा दोन तुकड्यांत येतो. 'दिवस' बोलताना दोन तुकडे, गाताना तीन. कागदावर मीटर जुळलं म्हणून खूश होऊ नका. गाऊन बघा. बेसूर असलात तरी गाऊन बघा, ओळ कुठे अडखळते ते लगेच कळतं.

दुसरी गोष्ट, श्वास आणि स्वर. सूर जिथे लांबणार आहे तिथे 'आ', 'ए', 'ओ' असा उघडा स्वर आला तर गायकाला तो धरून ठेवता येतो. 'शब्द', 'फक्त', 'नष्ट' असे जोडाक्षरावर संपणारे शब्द त्याच जागी आले की त्याची पंचाईत होते. फास्ट गाण्यात तर 'प्रतीक्षा' आणि 'अस्तित्व' वगैरे मंडळींना जरा लांबच ठेवा. तुम्हाला तो शब्द कितीही आवडत असला तरी.

तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. मराठीत क्रियापद लिंग दाखवतं. 'मी थांबलो' लिहिलंत की गाणं मुलाचं झालं, 'मी थांबले' लिहिलंत की मुलीचं. हिंदीतही असंच होतं, इंग्रजीत होत नाही. म्हणजे कोण गाणार हे ठरलेलं नसताना तुम्ही मुखड्यातच 'मी चाललो' लिहून ठेवलंत, तर अर्ध्या गायकांसाठी दार तुम्हीच बंद केलंत. 'मला थांबावंसं वाटतं', 'मी पाहिलं', 'मी येईन' या रचना दोघांच्याही तोंडी चालतात. दुसऱ्याच्या गळ्यासाठी लिहिताना असले हिशेब करावेच लागतात. त्याने भावना कमी होत नाही, गाण्याचं गिऱ्हाईक वाढतं.

आणि चौथी गोष्ट, पाटी पुसायची तयारी. एका चालीवर पाच मुखडे लिहा आणि पाचही नाकारले जातील असं धरून चाला. कधी कधी एकाच चालीवर दोन-तीन जणांकडून शब्द मागवलेले असतात. तुमचे नाही घेतले म्हणून ते वाईट होते असं नसतं. दिग्दर्शकाच्या सीनमध्ये बसले नाहीत, गायिकेच्या तोंडी रुळले नाहीत, एवढंच असू शकतं.

दार कुठे असतं

आता 'कॉन्टॅक्ट्स'. आपल्यातले बरेच जण थेट मोठ्या गायकांच्या इन्स्टाग्राम इनबॉक्समध्ये कविता टाकतात आणि 'सीन' तरी होईल म्हणून वाट बघतात. हा रस्ता चुकीचा आहे, कारण गाणं कुणाकडून लिहून घ्यायचं हे सहसा गायक ठरवत नाही. ते संगीतकार ठरवतो, त्याच्यासोबत दिग्दर्शक, निर्माता किंवा म्युझिक लेबल. तुम्हाला संगीतकार हवाय. आणि मोठा संगीतकार नकोय, तुमच्याच वयाचा हवाय. होस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर बीट्स बनवणारा, स्टुडिओत असिस्टंट म्हणून उशिरापर्यंत बसणारी, चाली भरपूर आणि शब्द नाहीत म्हणून अडलेली अशी माणसं तुमच्या आसपास आहेत. आज ती तुमच्यासारखीच अनोळखी आहेत. हाच मुद्दा आहे.

अमिताभ भट्टाचार्य यांचं उदाहरण बघा. लखनौहून मुंबईत आले ते गायक व्हायला. स्क्रॅच गात गात, चालींवर डमी शब्द लिहून देत देत गीतकार झाले. संगीतकार अमित त्रिवेदी तेव्हा त्यांच्यासारखेच नवे. २००८ मध्ये 'आमिर' आणि २००९ मध्ये 'देव डी' आला, आणि दोघांची नावं एकदमच लोकांना कळली. स्वानंद किरकिरे इंदूरच्या मराठी घरातले. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून मुंबईत आले, दिग्दर्शक सुधीर मिश्रा यांच्याकडे काम करताना त्यांचं गाणं सिनेमात आलं, आणि पुढे गीतांसाठी दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. वरुण ग्रोव्हर इंजिनिअरिंग करून टीव्हीसाठी विनोदी लेखन करत होते. या तिघांपैकी कुणीही 'मी गीतकार आहे, काम द्या' अशी फाइल घेऊन फिरत आत शिरलेला नाही. तिघंही कामाच्या जागेजवळ होते, आणि शब्द हवे होते तेव्हा हजर होते.

तुमच्यासाठी अशी जागा कुठली? मुंबईत अंधेरी-वर्सोव्याला खोली घेण्याआधी आपल्या कॉलेजचा कल्चरल हॉल बघा. एकांकिका स्पर्धांत गाणी लागतात. पुण्यातला फिरोदिया करंडक तर नाटकात संगीत, नृत्य, चित्र अशा वेगवेगळ्या कला गुंफायला लावतो. युवा महोत्सवात समूहगीत असतं. तिथे तुम्हाला ठरलेल्या सीनसाठी, ठरलेल्या गळ्यासाठी, ठरलेल्या तारखेच्या आत लिहावं लागतं. प्रोफेशनल गीतकाराचं काम याहून वेगळं नसतं, फक्त तिथे चहा दुसरं कुणी आणतं.

कॉलेजच्या बाहेर पडलात तर मराठीत गाण्यांचा बाजार हंगामावर चालतो, हे लक्षात येईल. गणपतीच्या आधी गणपतीची गाणी, एप्रिलमध्ये भीमजयंतीची, फेब्रुवारीत शिवजयंतीची, लग्नसराईत हळदीची. यूट्यूबवर आगरी-कोळी गाण्यांचं एक अख्खं जग उभं आहे. ही गाणी 'कमी दर्जाची' असं नाक मुरडणारे असतात, त्यांना मुरडू दे. वामनदादा कर्डक यांनी लिहिलेली गाणी कितीतरी गायकांनी गावोगाव नेली, आणि शाळेची पायरीही न चढलेल्या माणसांपर्यंत आंबेडकरी विचार त्या गाण्यांतून पोचला. लोकांच्या तोंडी बसणारं लिहिणं ही सोपी गोष्ट नाही. याशिवाय मालिकांची शीर्षकगीतं, जाहिरातींच्या जिंगल्स, शाळा-संस्थांची गाणी, निवडणुकीतली प्रचारगीतं आहेत. यातल्या कुठल्याही ठिकाणी पहिलं काम मिळू शकतं.

पाठवायचं काय, तेही नीट ठरवा. ४० कवितांची पीडीएफ कुणी उघडत नाही. एका चालीवर बसवलेला एक मुखडा, एक अंतरा आणि तो गुणगुणलेला ३०-४० सेकंदांचा ऑडिओ पाठवा. गाता येत नसेल तर गाणाऱ्या मैत्रिणीला पटवा. संगीतकाराला तुमची प्रतिभा तपासायची नसते, तुमचे शब्द चालीत बसतात का एवढंच ऐकायचं असतं.

एक धोका मात्र नवा आहे. डमी शब्द लिहून देणं ही आजवर नवख्यांची शिडी होती. आता 'तेरे बिना जी ना लगे' छापाचे शब्द एआय टूल काही सेकंदांत देतं. म्हणजे कुठूनही उचलून कुठेही बसतील असे शब्द लिहिणाऱ्याची गरज कमी होणार. तुमच्या बोलीतला, तुमच्या गल्लीतला, तुमच्या आज्जीच्या तोंडचा जो शब्द गाण्यात येऊ शकतो, तो तुमच्याकडेच आहे. तो लाजून गाळू नका.

आता नावाचं बोलू

समजा हे सगळं जमलं. शब्द बसले, संगीतकाराला आवडले, गायकाने गायलं. गाणं आलं, पोस्टरवर गायकाचा फोटो, खाली संगीतकार, प्रोड्यूसर, कॅमेरामन, अगदी ड्रोनवाल्याचंही नाव. तुमचं नाही. विचारलं तर उत्तर येतं, 'अरे राहिलं, पुढच्या वेळी टाकू.'

हे फक्त नवख्यांसोबत होतं असं समजू नका. २०२० मध्ये हिंदीतल्या आघाडीच्या गीतकारांनी मिळून 'क्रेडिट दे दो यार' नावाचं गाणंच काढलं. वरुण ग्रोव्हर, स्वानंद किरकिरे, कौसर मुनीर, अमिताभ भट्टाचार्य अशी नावाजलेली मंडळी त्यात होती. मागणी काय? अ‍ॅप्सवर, यूट्यूबवर, पोस्टरवर आमची नावं टाका. राष्ट्रीय पुरस्कार घरी असलेल्या माणसांना हे मागावं लागत असेल, तर सेकंड इयरच्या मुलीला कोण विचारतो?

पत्रकारितेत इंटर्नशिप करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली बायलाइन छापून आली त्या दिवशी काय वाटलं होतं. घरच्यांनी ती कात्रण करून ठेवलेली असते. पण बायलाइन ही फक्त हौस नसते. ती पुढच्या नोकरीचा पुरावा असते, आणि बातमी चुकली तर कॉलर धरायची कुणाची हेही तीच सांगते. गाण्याच्या खालच्या नावाचं तसंच आहे. नाव नसेल तर पुढचा संगीतकार तुम्हाला शोधणार कसा? आणि पैसे येणार कुणाच्या नावावर?

कारण नावाला पैसे जोडलेले आहेत, आणि ते कायद्याने जोडलेले आहेत. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने असा निकाल दिला होता की वेगळा करार नसेल, तर निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच. पुढची अनेक वर्षं गीतकार एकदाच मिळणाऱ्या रकमेवर गाणं देऊन मोकळे होत राहिले. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी यासाठी जोर लावला होता. या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत मालकाच्या बरोबरीने वाटा मिळण्याचा हक्क दिला. रेडिओ, टीव्ही, स्ट्रीमिंग, हॉटेलं, कार्यक्रम हे सगळं त्यात आलं. थिएटरमध्ये सिनेमाचा भाग म्हणून गाणं दाखवलं जातं, तेवढं त्यातून वगळलंय. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की हा हक्क तुम्ही वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून कुणालाही लिहून देऊ शकत नाही. 'सगळे हक्क कायमचे दिले' अशा कागदावर सही केलीत तरी रॉयल्टीचा हा हक्क जात नाही.

आणखी चार गोष्टी माहीत असू द्या. एक, कॉपीराइट मिळवायला नोंदणी सक्तीची नाही. स्वतःचं लिहिलंत तेव्हाच तो तुमचा झाला आणि तुमच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. दोन, कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि तुमच्या सहीनेच दिला जातो. चहाच्या टपरीवर 'घे रे, तुझंच समज' म्हटल्याने जात नाही. तीन, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर तयार करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द इतके ठळक असतात. चार, कॉपीराइट विकला तरी 'हे मी लिहिलंय' असं म्हणण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. एक अपवादही माहीत हवा. जाहिरात कंपनीत पगारावर असताना त्या नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या जिंगलची मालकी, वेगळं ठरलं नसेल तर, कंपनीची असते.

नाव लपवणं हा कधी कधी लेखकाचा स्वतःचा निर्णयही असतो. शांता शेळके यांनी सिनेमासाठी काही गाणी 'डॉ. वसंत अवसरे' या टोपणनावाने लिहिली. पण ते नाव त्यांनी घेतलं होतं. कुणी त्यांचं नाव गाळलं नव्हतं. फरक इथेच आहे.

'अटी घातल्या तर काम कोण देणार?'

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल आणि तो खोटा नाही. बाजारात लिहिणारे ढीगभर आहेत. तुम्ही नखरे केलेत तर दुसरा तयार असतो. त्यातून 'एक्सपोजर मिळेल' हे वाक्य आहेच, आणि ते ऐकून आपण स्वतःलाच समजावतो की सुरुवातीला चालायचंच.

म्हणूनच पैसा आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. पहिलं गाणं मित्राच्या चॅनलसाठी आहे, त्याच्याकडेच पैसे नाहीत, स्टुडिओचं भाडं त्याने उधारीवर दिलंय. तिथे फुकट लिहायला हरकत नाही. तो तुमच्या दोघांचा हिशेब आहे. पण नाव टाकायला कुणालाही एक रुपया लागत नाही. जो माणूस फुकटात देता येण्यासारखी गोष्टही देत नाही, तो पुढे पैसे देईल असं समजायला काहीच कारण नाही. आणि 'एक्सपोजर' म्हणजे तरी काय? चार लोकांना तुमचं नाव कळणं. नावच नसेल तर एक्सपोजर कुणाचं झालं?

भांडायची गरज नाही. वकिली भाषेचीही नाही. शब्द पाठवताना त्याच मेसेजमध्ये चार ओळी जोडा: 'दादा, काल पाठवलेल्या चालीवरचे शब्द सोबत आहेत, मुखडा आणि दोन अंतरे. गाणं रिलीज झालं की यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये आणि सगळ्या अ‍ॅप्सवर गीतकार म्हणून माझं पूर्ण नाव यावं. पैशांचं आणि हक्कांचं रेकॉर्डिंगच्या आधी लेखी ठरवू. तोपर्यंत हे शब्द फक्त डेमोसाठी.' एवढंच. यावर चिडणारा संगीतकार भेटला तर तो पहिल्याच गाण्याला ओळखू आला, हे तुमचं नशीब. व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा ईमेल बरा, तारीख आणि मजकूर दोन्ही एकत्र राहतात. चाल कुणाची, शब्द कुणाचे, एखादी ओळ संगीतकाराने बदलली असेल तर ती कुणाची, हेही त्याच वेळी लिहून घ्या. गाणं हिट झाल्यावर मैत्री आणि आठवण दोन्ही जरा बदलतात.

हातात थोडं काम आलं की पुढच्या पायऱ्या आहेत. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये गीतकारांनाही सभासद होता येतं आणि आपलं लेखन ऑनलाइन नोंदवता येतं. गाणं प्रसिद्ध झालं की आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे जा. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१७ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झालेल्या या संस्थेकडून गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा होते आणि वाटली जाते. तिथे नुसतं सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं आपल्या नावावर नोंदवावं लागतं. सुरुवातीला येणारी रक्कम पाहून हसू येईल कदाचित. तरी नोंदवा. गाणं कधी उचललं जाईल हे कुणालाच माहीत नसतं, आणि त्या दिवशी यादीत नाव असलं पाहिजे.

हे सगळं लिहिणाऱ्यांसाठी झालं. पण न लिहिणाऱ्या तुम्हालाही यात काम आहे, आणि आमची मागणी तुमच्याकडेच जास्त आहे. कल्चरल कमिटीत असाल तर यंदाच्या फेस्टच्या पोस्टरवर आणि एकांकिकेच्या श्रेयनामावलीत गीतकाराचं नाव वेगळ्या ओळीत टाका. अँकरिंग करत असाल तर गाण्याआधी गायकासोबत गीतकाराचंही नाव घ्या, पाच सेकंद लागतात. कव्हर गाऊन रील टाकत असाल तर कॅप्शनमध्ये मूळ गायकाला टॅग करता तसं लिहिणाऱ्यालाही करा. कॉलेजमधल्या बँडचं ओरिजिनल गाणं अ‍ॅपवर चढवताना फॉर्ममध्ये गीतकाराचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. मोठ्या कंपन्यांकडून हे मागायचं तर आधी आपल्या हातात असलेल्या माइकवर आणि पोस्टरवर ते झालेलं दिसलं पाहिजे.

सेमिस्टर संपत आलंय, गॅदरिंगच्या तालमी सुरू होतील. यंदाच्या गॅदरिंगचं गाणं कोण लिहितंय, ते आजच विचारून ठेवा. आणि कुणीच लिहीत नसेल, तर चाल मागून घ्या.